चोराच्या मनातले चांदणे आणि तपासातला अंधार

‘चोराच्या मनात चांदणे’ ही म्हण घडविणाऱ्या पूर्वजांपाशी प्रयोगशाळा नव्हती. पण मन जे दडवू पाहते त्याची चाहूल शरीर देते, हे त्यांनी अचूक हेरले होते. आधुनिक मानसशास्त्राने या निरीक्षणाला मोजमापाची जोड दिली. दुर्दैव असे की, आपल्या तपासयंत्रणांनी त्यातील शास्त्र बाजूला ठेवून यंत्राचा देखावा तेवढा उचलला.

‘खून तूच केलास ना?’ असे विचारायचे आणि श्वास, नाडी, रक्तदाब व त्वचेवरील घाम मोजायचा, ही प्रचलित पद्धत. पण या प्रश्नाने निरपराध माणसाचेही काळीज धडधडते. असत्याची म्हणून शरीराला वेगळी खूण नसते. यंत्र नोंदवते ती केवळ खळबळ.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लिकन यांनी १९५९ साली निराळा मार्ग मांडला. त्यात खोटेपणा नव्हे, तर दडविलेली माहिती शोधायची असते. हत्यार दोरी होते, चाकू, उशी, दगड की विष, असे पाच पर्याय संशयितापुढे एकामागून एक ठेवले जातात. घटनेविषयी काहीच ठाऊक नसणाऱ्याला पाचही सारखेच. ज्याला सत्य ठाऊक आहे, त्याचे शरीर मात्र खऱ्या पर्यायापाशी थबकते. त्वचेची विद्युतवाहकता वाढते, श्वास दबतो, नाडी मंदावते. अजाण माणसाचा सर्वाधिक प्रतिसाद केवळ योगायोगाने खऱ्या पर्यायावर पडण्याची शक्यता पाचात एक. पाचही प्रश्नांत तसे घडण्याची ३,१२५ मध्ये एक. जपानचे पोलीस ही पद्धत नित्य वापरतात आणि चाचणी घेतात ते प्रयोगशाळेतील प्रशिक्षित तज्ज्ञ.

या पद्धतीचा प्राण एकच आहे: गुन्ह्याचा तपशील गुप्त राहिला पाहिजे. आणि नेमके तेथेच आपले घोडे पेंड खाते! पंचनाम्याची शाई वाळण्यापूर्वी हत्याराचे वर्णन वाहिन्यांवर झळकते. उरलेसुरले कोठडीतील चौकशीत संशयिताच्या कानी पडते. मग त्याच्या शरीराने प्रतिसाद दिला, तर ते ज्ञान गुन्ह्याचे मानायचे की पोलिसांनीच पढविलेल्या पाठाचे?

२००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीला निकालपत्रात स्थान दिले आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या. त्याच वर्षी बंगळुरूच्या ‘निम्हान्स’च्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने या तंत्राला पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचा निर्वाळा दिला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात संमतीविना अशी कोणतीही चाचणी घेणे घटनेच्या अनुच्छेद २०(३) व २१ शी विसंगत ठरविले. संमतीने झालेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतः पुरावा ठरत नाही. तिच्या आधारे पुढे काही हाती लागले, तरच त्याचा विचार होतो.

या चिकित्सेला गुन्हेगारांचा कैवार म्हणून हिणवणाऱ्यांनी कौटिल्य वाचावा. चोर नसतानाही यातनांच्या भयाने ‘मी चोर’ असे म्हणणाऱ्या मांडव्याचा दाखला देऊन, पूर्ण पुराव्याविना दंड नको, असे अर्थशास्त्र बजावते. राज्य कठोर असावे हे सांगणाऱ्या आचार्यांनीच हा इशारा दिला आहे. निरपराध गजाआड जातो, तेव्हा खरा मारेकरी समाजात उजळ माथ्याने वावरत असतो, याचे भान ठेवायला नको काय?

शिवाय ज्ञान म्हणजे अपराध नव्हे. भीतीने गप्प बसलेल्या साक्षीदारालाही तपशील ठाऊक असतात आणि घाईत पळालेल्या खुन्याच्या ते ध्यानातही राहत नाहीत. म्हणून ही चाचणी तपासाची दिशा दाखवील. न्यायनिवाडा करणार नाही.

पथ्ये अवघड नाहीत. घटनास्थळाचे निवडक तपशील पहिल्याच दिवशी मोहोरबंद करावेत. चाचणी चौकशीपूर्वी, वकिलाचा सल्ला घेऊन दिलेल्या संमतीने व्हावी आणि ती घेणाऱ्या तज्ज्ञालाही खरे उत्तर ठाऊक नसावे. तपशील फोडणाऱ्या अधिकाऱ्याला जाब विचारला जावा. एवढीही शिस्त ज्या यंत्रणेला पाळता येत नाही, तिने विज्ञानाचे नाव घेऊ नये. चोराच्या मनातले चांदणे पाहायचे, तर तपास करणाऱ्याने आधी स्वतःच्या तोंडाला कुलूप घालायला शिकले पाहिजे.