शून्य टक्क्याचे कार्ड आणि सावकाराचे पंधरा दिवस



'तीन लाखांपर्यंत पीककर्ज, व्याज शून्य टक्के!' ही पाटी तुम्ही वाचली आहे. आता हिशेबही वाचा.

सोसायटीचे पीककर्ज ६ टक्क्यांचे. मुदतीत फेडले तर ३ टक्के केंद्र सरकार भरते, ३ टक्के डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतून राज्य सरकार भरते. झाले शून्य! पण मुदत एका दिवसाने हुकली की शून्य गेले. म्हणजे ज्याला पिकाने साथ दिली त्याला बिनव्याजी, आणि ज्याला गारपिटीने झोडपले त्याला व्याजासकट.

मी शेतीशास्त्राचा पदवीधर. बँकेचे कॅलेंडर आणि पिकाचे कॅलेंडर यांचे जमत नाही, हे मला कॉलेजात कोणी शिकवले नाही. तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते, हरभरा त्याच्या पाठोपाठ. बाजारात आवक तुंबलेली, भाव पडलेला, आणि नेमका तेव्हाच मार्चअखेरचा तगादा! थांबायची सोय नाही. पडेल भावात विकून जे गमावतो, ते व्याज नाही तर काय आहे?

तरीही पैसे पुरत नाहीत. मग सुरू होते 'नवं-जुनं'. गावातल्या सावकाराकडून लाख रुपये शेकडा ५ ने उचलायचे, सोसायटीत भरायचे, नवे कर्ज मंजूर झाले की सावकाराला परत करायचे. पंधरा दिवस लागले तर २,५०० रुपये. महिना लागला तर ५,०००. सोसायटीचे वर्षाचे व्याज ६,०००! बँकेच्या वहीत वसुली शंभर टक्के, सरकारच्या कागदावर व्याज शून्य, आणि कमाई सावकाराची.

व्यापाऱ्याच्या कॅश क्रेडिट खात्याकडे बघा. तो व्याज भरतो, मर्यादेचे नूतनीकरण होते. दरवर्षी सगळी मुद्दल आणून ठेव, असे त्याला कोणी म्हणत नाही. १९९८ साली किसान क्रेडिट कार्ड आले ते असेच फिरते खाते म्हणून. आपल्याकडे त्याचे पुन्हा जुने पीककर्जच करून टाकले. वर 'सुलभ मंजुरी' म्हणायचे, आणि खातेदाराला सातबारा, आठ-अ, फेरफार, सिबिल अशा चकरा मारायला लावायच्या. कसणाऱ्या कुळाच्या नावावर सातबाराच नाही, त्याने कुठे जायचे?

आपण भीक मागत नाही. मागणी एकच : व्याज भरून कार्डाचे नूतनीकरण करा, मुद्दल फिरवायला लावू नका. परतफेडीची तारीख पिकाच्या विक्रीवर ठरवा, मार्चअखेरवर नव्हे.

तोवर हे लक्षात ठेवा. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अर्ज द्याल तेव्हा पोच घ्या. नकार मिळाला तर तो लेखी मागा, कारणासह. तोंडी नकार घेऊन घरी परतू नका.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने एक कागद आणावा. मागच्या नव्या-जुन्यात सावकाराला किती रुपये दिले, एवढाच आकडा लिहावा. नाव नको. सगळ्या गावांची बेरीज करू, आणि ती बेरीज घेऊन बँकेच्या दारात जाऊ. शून्य टक्क्याची खरी किंमत त्यांनाही कळू द्या!