मुक्या जिवाची परतवाट

बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी तालुक्यात यमगर्णी नावाचे गाव आहे. २०२४ च्या जूनअखेरीस तेथील एक वारकरी पायी पंढरपूरला निघाले, तेव्हा ‘महाराज’ नावाचा गावचा कुत्राही त्यांच्यासोबत चालू लागला. दर्शन आटोपून पाहतात तो महाराज दिसेना. पुष्कळ शोधूनही तो सापडला नाही, तेव्हा वारकरी एकटेच परतले. त्यानंतर लवकरच, सुमारे २५० किलोमीटरांचे अंतर कापून, महाराज गावात हजर झाला. गावकऱ्यांनी त्याला हार घातला, जेवणावळही घातली.

श्वानाला ही वाट कशी सापडते? त्याचा पहिला आधार नाक. स्वतःच्या पावलांचा गंध हुंगत तो आल्या वाटेने मागे फिरू शकतो. दुसरा आधार स्मरणाचा. ओळखीच्या खुणा तो ध्यानात ठेवतो. तिसरा आधार अधिक नवलाचा आहे. चेक प्रजासत्ताकातील संशोधकांनी २७ शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधून त्यांना रानात सोडले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार काही कुत्रे आल्या वाटेने परतले, तर काहींनी नवी वाट धरली. नवी वाट धरणारे पुष्कळदा आधी सुमारे वीस मीटर उत्तर-दक्षिण दिशेत धावत. आणि असे धावणारे अधिक सरळ मार्गाने मालकापाशी पोहोचत. पृथ्वीच्या चुंबकत्वावरून ते दिशा जुळवीत असावेत, असा संशोधकांचा तर्क आहे.

महाराज पंढरपूरला पायी गेला होता, हे येथे ध्यानात घ्यावे. भोसरी-चिंचवडचे गोदाम चाकणला हलते, तेव्हा राखणीचा कुत्रा बंद टेम्पोतून जातो. मधल्या वाटेवर त्याच्या पावलांचा गंध नसतो. तरीही जुन्या जागेच्या ओढीने तो निघतो. मध्ये मोशीजवळची इंद्रायणी आणि पुणे-नाशिक महामार्गावरील कंटेनरची अखंड रांग असते. दिशा कळली तरी हा रस्ता ओलांडणे त्याच्या आवाक्यातले नसते.

म्हणून स्थलांतरानंतर काही दिवस त्याला मोकळे सोडू नये. दोरीने धरून नव्या आवाराभोवती रोज फिरवावे, ठरल्या वेळी ठरल्या जागीच खाऊ घालावे. गळ्यातील पट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक लिहावा, रेबीजची लस चुकवू नये. नाहीसा झालाच, तर जुन्या जागी आणि मधल्या रस्त्यावर आधी शोध घ्यावा.

भटक्या कुत्र्यांना मात्र दूर नेऊन सोडण्याचा मोह टाळावा. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार नसबंदी व लसीकरणानंतर त्यांना सामान्यतः त्यांच्याच परिसरात परत सोडले जाते. जुन्या गोदामापाशी ज्यांना वर्षानुवर्षे भाकरी मिळाली, त्यांची व्यवस्था शेजारच्या दुकानदाराकडे सोपवूनच कुलूप लावावे. जागा बदलताना साऱ्या मालाची नोंद होते. दाराशी बसणाऱ्या जिवाची नोंद राहून जाऊ नये.