रुमालाखालचे नवे सौदे

अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबत, आणि शेजारी उभ्या शेतकऱ्याला आपल्याच मालाचा भाव सर्वांत शेवटी कळे. हा प्रकार मोडायला कायदे करावे लागले. हैदराबाद संस्थानाचा शेतमाल बाजार कायदा 1930 चा. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्याच अमलाखाली होते. पुढे महाराष्ट्राचा 1963 चा कायदा आला. उघड लिलाव, परवानाधारक हमाल-मापाडी, ठरलेली अडत, हातात हिशेबपट्टी. लबाडी झाल्यावर दंड करण्यापेक्षा लबाडीला वावच ठेवायचा नाही, हा त्यामागचा विचार होता.

लातूरच्या गंजगोलाईतला मोबाइल विक्रेता किंवा नांदेडच्या वजिराबादेतला कापड दुकानदार आज ज्या बाजारात ओढला गेला आहे, तिथे हा विचार अजून पोहोचलेला नाही. ॲपवर कोणाचा माल आधी दिसणार, कोणाचा चौथ्या पानावर जाणार, कमिशन कधी वाढणार, हे सारे रुमालाखाली ठरते. बाजाराची जागा ज्याची, त्याच्याच मर्जीतले विक्रेते त्या जागेत माल मांडून बसतात. परकी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजाराने आपली भागीदारी असलेल्या कंपनीचा माल तिथे विकू नये, असा नियम फेब्रुवारी 2019 पासून लागू आहे. त्यातून पळवाटा किती निघाल्या, हे कोणत्याही ठोक व्यापाऱ्याला विचारावे.

दिल्लीतील व्यापारी महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला तो जानेवारी 2020 मध्ये. महिनाभरात कर्नाटक उच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि ती उठून चौकशी मार्गी लागायला ऑगस्ट 2021 उजाडला. अहवाल तयार झाला 2024 मध्ये. निवडक विक्रेत्यांना झुकते माप आणि मोबाइलची नवी मॉडेल्स फक्त ऑनलाइन आणण्याचे संगनमत, असे त्यातील निष्कर्ष वृत्तसंस्थांनी समोर आणले. कंपन्यांना ते मान्य नाहीत. अहवालावर पुन्हा न्यायालयीन लढाई सुरू झाली. एवढ्या काळात मोबाइलच्या दुकानदाराने कव्हर, चार्जर आणि रिचार्जवर दुकान चालवायचे!

दंड होत नाहीत असे नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये आयोगाने गुगलला अँड्रॉइडप्रकरणी 1,337.76 कोटी आणि प्ले स्टोअरच्या बिलिंगप्रकरणी 936.44 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दुसरा आकडा मार्च 2025 मध्ये अपील न्यायाधिकरणात 216.69 कोटींवर आला. व्हॉट्सॲपच्या 2021 च्या धोरणावरून मेटाला झालेला 213.14 कोटींचा दंड नोव्हेंबर 2025 मध्ये टिकला, पण जाहिरातींसाठी माहिती मेटाच्याच इतर कंपन्यांना देण्यावरची पाच वर्षांची बंदी उडाली. मलमपट्टी राहिली, औषध गेले.

यूपीआयची कथा तर याहून बोलकी. भाजीच्या गाड्यापासून गुरुद्वाऱ्याबाहेरच्या दुकानापर्यंत क्यूआर कोड लागले, ही मोठीच सोय झाली. पण व्यवहारांचा 80 टक्क्यांहून अधिक वाटा फोनपे आणि गुगल पे या दोघांकडेच गेला. एका ॲपकडे 30 टक्क्यांपेक्षा जास्त व्यवहार नकोत, असे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने नोव्हेंबर 2020 मध्येच जाहीर केले होते. मुदत लांबत लांबत डिसेंबर 2026 अखेरपर्यंत गेली. आता ही मर्यादा लावायची तर कोट्यवधी लोकांना सांगावे लागेल की, तुमचे ॲप बदला. वेळेवर लावलेला नियम कोणाला टोचला नसता.

म्हणूनच मार्च 2024 मधील डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा महत्त्वाचा होता. बड्या कंपन्या आधी निश्चित करायच्या आणि स्वतःच्या मालाला झुकते माप, एका सेवेसोबत दुसरी गळ्यात मारणे, विक्रेत्यांच्याच माहितीचा त्यांच्याविरुद्ध वापर, या गोष्टी सुरुवातीलाच निषिद्ध ठरवायच्या. उल्लंघनाला जागतिक उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड. युरोपात अशाच कायद्याच्या अटी मार्च 2024 पासून लागू झाल्या आणि एप्रिल 2025 मध्ये ॲपलला 50 कोटी युरोंचा दंडही झाला. आपल्याकडे मसुद्यावर हरकती आल्या आणि तो अभ्यासाच्या फेऱ्यात अडकला. भारतात 4,000 कोटींची उलाढाल आणि एक कोटी ग्राहक, अशा निकषांमुळे वाढत्या देशी कंपन्याही कचाट्यात सापडतील, ही हरकत रास्त आहे. मग आकडे वाढवा. मसुदा कपाटात कशाला?

किनवट-माहूरच्या ग्राहकाला पुण्याच्या भावात वस्तू घरपोच मिळते, हे कोणी नाकारत नाही. स्वस्ताई टिकायची तर स्पर्धक जिवंत हवेत, एवढेच म्हणणे आहे. आणि नियामक नेमला की काम झाले, असेही नाही. बाजार समित्यांचे राजकीय आखाडे कसे झाले, ते मराठवाड्याने पुरेपूर पाहिले आहे. स्पर्धा आयोगाला माणसे, संगणकतज्ज्ञ आणि निकालाची कालमर्यादा द्यावी. तक्रारीसाठी लातूरच्या दुकानदाराला दिल्लीचा वकील गाठावा लागू नये. नांदेड आणि लातूरच्या खासदारांनी सोयाबीनच्या भावाइतक्याच आवाजात हे विधेयक संसदेत मागितले, तर व्यापारी संघटनाही केवळ निवेदनांवर थांबणार नाहीत.