सिस्टरचं हेल्मेट कुठंय?

रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत केमिकल कंपन्या आहेत. अशा कंपनीत नुसतं व्हिजिटर म्हणून गेलात तरी गेटवर हेल्मेट हातात येतं, गॉगल येतो आणि 'सायरन वाजला तर इथं जमायचं' असं कुणीतरी दाखवून ठेवतं. आतल्या ऑपरेटरला 'योद्धा' वगैरे कुणी म्हणत नाही. तो कामगार, आणि त्याला धड घरी पाठवायची जबाबदारी कंपनीची. सिंपल.

आता रोह्याचंच सरकारी उपजिल्हा रुग्णालय घ्या, किंवा पेणचं. २०२० साली तुम्ही-आम्ही मांडीवर लॅपटॉप घेऊन 'अरे, तू म्यूटवर आहेस' असं एकमेकांना सांगत होतो, तेव्हा राज्यभरातल्या हॉस्पिटलांत सिस्टर, वॉर्डबॉय, सफाई कामगार एका धोकादायक प्लांटमध्येच ड्यूटी करत होते. फक्त कायद्याच्या लेखी तो प्लांट नव्हता. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाने कायद्यात धोकादायक उद्योगांसाठी आख्खं नवं प्रकरण घातलं गेलं. सेफ्टी कमिटीत कामगार हवेत, धोका दिसला तर तो सांगायचा कामगाराला हक्क. हॉस्पिटल म्हणजे काही कारखाना नव्हे, त्यामुळे यातलं सिस्टरच्या वाट्याला काही आलं नाही. तिला टाळ्या मिळाल्या. आणि थाळ्या.

बरं, ही फक्त छोट्या गावांची रड नाही हं. एप्रिल २०२० मध्ये मुंबई सेंट्रलचं वोक्हार्ट हॉस्पिटल कंटेन्मेंट झोन जाहीर झालं, कारण तिथल्या २६ नर्स आणि ३ डॉक्टर पॉझिटिव्ह निघाले होते.

गंमत म्हणजे ज्या एन-९५ मास्कसाठी तेव्हा मारामारी झाली, तो मुळात कारखान्यातलाच. धुळीत काम करणाऱ्यांचा. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासताना नाकाला रुमाल बांधतात ना, त्याचा सुधारलेला थोरला भाऊ समजा. तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच कामाचा. नाकाशी फट राहिली की हवा तिथूनच आत. त्यासाठी 'फिट टेस्ट' असते: मास्क लावून डोक्यावर एक टोपडं चढवायचं आणि आत कडू किंवा गोड फवारा मारायचा. चव लागली, तर मास्क गळतोय, दुसरा साइज आणा. खर्च फार नाही, वेळ काही मिनिटं.

आणि पीपीई किट! फोटोत अंतराळवीर, आत घामाची आंघोळ. पाणी प्यायचं नाही, बाथरूमला जायचं नाही, पाळी असली तर देवच वाली. शिवाय खरा धोका किट घालताना नसतो, काढताना असतो. दमलेल्या हाताने ग्लोव्हज ओढले, तोच हात चेहऱ्याला लागला, खेळ खलास. म्हणून शिफ्ट छोटी हवी आणि काढताना समोर बघणारा दुसरा माणूस हवा. त्यात ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि रोह्यासकट कित्येक तालुक्यांची वीज काही दिवस गेली. कोकणातला जून, पंखा बंद आणि अंगात ते प्लॅस्टिक. जरा कल्पना करा.

सरकारने तेव्हा ५० लाखांचा विमा काढला होता. त्यात कंत्राटी कर्मचारी आणि आशाताईही होत्या, हे चांगलंच झालं. पण ते पैसे मेल्यावर मिळणार. हेल्मेट आधी मिळतं.

कामगार सुरक्षेचा नवा कोड संसदेने २०२० मध्येच मंजूर केला, लागू मात्र झाला २१ नोव्हेंबर २०२५ ला. दहा किंवा जास्त कामगार असतील तिथं धोका कमी करणं मालकाचं काम. राज्य सरकारची 'कार्यालयं' मात्र त्यातून वगळली आहेत, तिथले ठेकेदाराचे कामगार सोडून. मग सरकारी हॉस्पिटल हे कार्यालय का? वकील भांडतील तोवर.

तुमच्या घरात, सोसायटीत एखादी सिस्टर असेलच. तिला विचारा, तुझी फिट टेस्ट कधी झाली? बहुतेक ती विचारेल, 'म्हणजे काय असतं ते?'