समाजशास्त्राचा वर्ग आणि उसाचा फड

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या बाहेर पडतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज अशा तालुक्यांच्या वाड्यावस्त्यांवरून ट्रक-ट्रॅक्टर भरून निघतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांत, तसेच कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात कोप्या उभ्या राहतात. पुढचे पाच-सहा महिने, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, या कष्टकऱ्यांचा सारा संसार तेथे चालतो. नेमक्या याच महिन्यांत महाविद्यालयांतील शिकवणे भरात असते. कला शाखेच्या वर्गात समाजशास्त्राचा तास भरतो, फळ्यावर ‘स्थलांतराची कारणे’ असा मथळा लिहिला जातो आणि स्थलांतर म्हणजे काय हे ज्याला सर्वांत चांगले ठाऊक आहे तो विद्यार्थी फडावर मोळ्या बांधत असतो. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ एवढीच नोंद होते.

या विसंगतीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, कारण ती केवळ वेळापत्रकाची चूक नाही. आपल्या विद्यापीठांनी समाजशास्त्र हा विषय कोठे नेऊन ठेवला आहे याची ती साक्ष आहे.

ग्रामीण महाविद्यालयांत समाजशास्त्राकडे ‘सोपा विषय’ म्हणून पाहिले जाते. गुण बरे असलेली मुले विज्ञानाकडे जातात, उरलेली कला शाखेत येतात, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या वाट्याला इतिहास, राज्यशास्त्र व समाजशास्त्र ही ठरलेली जोडी येते. परीक्षेच्या आधी बाजारातले गाइड घ्यावे, ‘टीपा लिहा’ या प्रश्नासाठी दहा व्याख्या पाठ कराव्यात आणि पदवी पदरात पाडून घ्यावी, हा राजमार्ग झाला आहे. यासाठी विद्यार्थ्यांस दोष देणे आम्हांस अन्यायाचे वाटते. घराण्यात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलाने विषयाची निवड तरी कशाच्या बळावर करावी? दोष आहे तो या मुलांच्या आयुष्याला विषयाबाहेर ठेवणाऱ्या अभ्यासक्रमाचा, आणि कायम जागा न भरता तासिका तत्त्वावरील तुटपुंज्या मानधनावर अध्यापकांस राबवून घेणाऱ्या शासनाचा. ज्या अध्यापकाला पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही याचीच खात्री नाही, त्याने गावोगाव हिंडून पाहणी करावी अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

महाराष्ट्रात समाजाचा अभ्यास विद्यापीठाच्या परवानगीने सुरू झालेला नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला तेव्हा देशातील एकाही विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग नव्हता. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर वर्षभराने, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील एका चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींची उत्पत्ती आणि यंत्रणा यांवर आपला निबंध वाचला. जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहाच्या निर्बंधामुळे आणि त्या निर्बंधाचा भार स्त्रीच्या देहावर टाकला जातो, हे त्यांनी त्या निबंधात दाखवून दिले. मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा विभाग उघडला तो १९१९ मध्ये. पुढे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो नावारूपास आणला, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून इरावती कर्वे यांनी पायी हिंडून, लोकांत बसून अभ्यास करण्याची शिस्त घालून दिली.

मराठवाड्यास मात्र हे सारे उशिरा मिळाले. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाची वाट हैदराबादला जात होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी. त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला तेव्हा मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जाळण्यात आल्या, आणि नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. बीड जिल्ह्यातील महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. ज्या नावासाठी माणसांनी प्राण दिले, ते नाव पदवीच्या कागदावर छापून घ्यायचे आणि त्या नावाच्या माणसाने पंचविसाव्या वर्षी जे केले ते करण्याची संधी मात्र पंचविशीतील विद्यार्थ्यास द्यायची नाही, याला काय म्हणावे?

ही संधी न दिल्याने काय हानी होते, हे सांगण्यास एक उदाहरण पुरेसे आहे. बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यापुढे आला तो वृत्तपत्रांच्या आणि स्त्रियांच्या संघटनांच्या प्रयत्नाने. त्यानंतर शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. खेड्यापाड्यांत याला ‘पिशवी काढणे’ म्हणतात, आणि बायका ते दात काढल्यासारखे सहज बोलतात. आकडा बाहेर येताच साऱ्यांचा रोष खासगी डॉक्टरांवर गेला. काही अंशी तो योग्यच होता. परंतु पिशवीपर्यंत बाई कोणत्या वाटेने पोहोचते, हा प्रश्न वैद्यकाचा नाही. टोळीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. उचल त्या कोयत्यावर मिळते, म्हणून हंगामाआधी मुलाचे लग्न उरकण्याची घाई होते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी दर शंभरात चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले, ते अशा परिस्थितीत. फडावर ना आडोसा, ना पाणी, ना विश्रांती. दुखणे आले तरी काम चुकवता येत नाही, कारण खाडा पडला की उचलीतून पैसे कापले जातात. अशा बाईला डॉक्टर सांगतो की पिशवी काढली की त्रास संपेल, आणि ती कर्ज काढून टेबलावर निजते. उचल, कोयता, खाडा, बालविवाह आणि शस्त्रक्रिया ही एकच साखळी आहे. ती कडी कडीने उलगडून दाखवणे हेच समाजशास्त्राचे काम, आणि त्या साखळीचे पहिले टोक हाती असलेली मुलगी वर्गाच्या हजेरीपटावर गैरहजर आहे.

दुसरा प्रश्न मोजणीचा. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ भरली. ती गणना झाली ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत, म्हणजे तोडणीच्या ऐन हंगामात. त्या सगळ्या काळात जो घरी नव्हता त्याची नोंद घरी न होता, तो जेथे होता तेथे व्हायची होती. कोप्यांतील किती माणसे परजिल्ह्यांत मोजली गेली, किती येथेही नाहीत आणि तेथेही नाहीत, हे तपासणे ही जिल्ह्यातील कोणत्याही समाजशास्त्र विभागास पुरेल अशी कामगिरी होती. त्याच जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मधील ८९४ वरून ८०७ वर घसरलेली दिसली, आणि बीडचे नाव देशभर बदनाम झाले. २०२७ च्या जनगणनेचा संदर्भदिनांकही १ मार्च हाच जाहीर झाला असून, तीत प्रत्येकाची जात नोंदवण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ मध्ये घेतला. १९३१ नंतर प्रथमच असे आकडे हाती येतील. ते वाचायचे कोणी? पुढाऱ्यांनी, की जिल्ह्यातील शिकलेल्या मुलांनी?

हा प्रश्न आम्ही काळजीपोटी विचारतो. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर आरक्षणाच्या आंदोलनाच्या काळात बीड शहरात जाळपोळ झाली. २०२४ च्या डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि जिल्हा जातीजातींत फाटल्याचे सर्वांनी पाहिले. २०२५ मध्ये बीड पोलीस दलाने अधिकाऱ्यांच्या मेजांवर आडनाव वगळून केवळ नाव लिहिलेल्या पाट्या ठेवल्या. त्यामागील हेतू चांगला आहे. पण आडनाव झाकणे हा प्रशासनाचा उपाय झाला. आडनावाला एवढे वजन का आले, जमीन कोणाकडे, कारखाना कोणाकडे, मुकादमी कोणाकडे आणि कोयता कोणाच्या हातात, हे विचारणे समाजशास्त्राचे काम आहे. मराठा, वंजारी, धनगर, दलित आणि मुसलमान घरांतील मुले एका बाकावर बसून जातीविषयी घोषणेविना बोलू शकतील, अशी जागा आज जिल्ह्यात दुसरी कोणती उरली आहे? तो वर्ग गाइडावर भागवणे म्हणजे ती जागाही गमावणे होय.

यावर ‘समाजशास्त्र शिकून नोकरी कोठे मिळते?’ असा प्रश्न विचारला जाईल. तो उडवून लावण्याजोगा नाही. ज्याच्या बापाने उचल घेऊन फी भरली, त्याला ज्ञानासाठी ज्ञान ही भाषा ऐकवणे क्रूरपणाचे आहे. परंतु नोकऱ्या नसण्याचे कारण कामाचा अभाव हे नव्हे. ऊसतोड कामगारांची नोंदणी, कल्याण मंडळाच्या योजना, आरोग्य पाहण्या, शाळाबाह्य मुलांचा शोध, रोजगार हमीच्या कामांचे सामाजिक लेखापरीक्षण ही सारी कामे आहेत, आणि ती प्रशिक्षण नसलेल्या, आधीच कामाने दबलेल्या आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या माथी मारली जातात. शिकलेल्यास काम नाही आणि कामाला शिकलेला नाही, ही स्थिती शासनाने निर्माण केली आहे, आणि ती शासनासच बदलावी लागेल.

आमच्या मागण्या अवघड नाहीत. कुटुंबाबरोबर फडावर जाणाऱ्या विद्यार्थ्याचे ते महिने समाजशास्त्राचे क्षेत्रकार्य म्हणून विद्यापीठाने मान्य करावेत. त्याने वही ठेवावी, अध्यापकाने हंगामात दोनदा तेथे जाऊन ती पाहावी, आणि परीक्षेची एक संधी पट्टा पडल्यानंतर मिळावी. अध्यापकांच्या रिक्त जागा कायमस्वरूपी भराव्यात. जिल्ह्यातील प्रत्येक महाविद्यालयाने एकेक तालुका वाटून घेऊन काही ठरलेल्या गावांची दर पाच वर्षांनी पाहणी करावी, म्हणजे बदल मोजता येईल. प्रबंध मराठीत लिहिले जावेत आणि त्यांचे सार त्या त्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवावे. ज्या बाईने आपले दुखणे सांगितले, तिच्या संमतीवाचून तिचे नाव कागदावर येऊ नये, आणि जे लिहिले ते तिला कळलेच पाहिजे.

परिवर्तनवादी म्हणवणाऱ्या आपल्या चळवळींनीही येथे आत्मपरीक्षण करावे. आकडा आला की मोर्चा, मोर्चा झाला की निवेदन आणि पुढचा आकडा येईपर्यंत शांतता, असे आपलेही झाले आहे. ऊसतोड कामगारांचे दुःख आपण पुष्कळदा सांगितले, पण ते त्यांच्या मुलामुलींना स्वतः मांडता यावे यासाठी काय केले? यंदाही टोळ्या जातील. त्यांतील निदान काही मुलींच्या पिशवीत कोयत्याबरोबर एक वही असावी, आणि ती घेऊन वैशाखात परतल्यावर विद्यापीठाने तिला गैरहजर ठरवू नये, एवढे तरी साधले पाहिजे.