'साम्राज्यांच्या दफनभूमी'त पुरले कोण गेले? फैजपूरहून एक लांबलचक थ्रेड

२७ डिसेंबर १९३६. पूर्व खानदेशातील आमच्या फैजपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, गांधीजी उपस्थित, आणि नंदलाल बोस यांच्या देखरेखीखाली बांबू-तट्ट्यांतून उभे राहिलेले टिळकनगर. ही माहिती इथल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असते.

त्याच दिवसांत वायव्येला वझिरीस्तानच्या डोंगरांत काय चालले होते, हे मात्र आम्हांला कोणी शिकवले नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस हिंदुस्थान सरकारच्या फौजा खैसोरा खोऱ्यात शिरल्या होत्या. समोर होते मिर्झा अली खान, म्हणजेच 'इपीचा फकीर', आणि त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या पठाण टोळ्या. विमानांतून आधी इशाऱ्याची पत्रके पडत आणि मागाहून बाँब. १८९३ च्या ड्युरँड रेषेमुळे ही माणसे कागदोपत्री ब्रिटिश हद्दीत आली होती. भाषेने, सोयरिकीने आणि स्वभावाने ती रेषेपलीकडच्या अफगाणांचीच होती. बाँब टाकणारी विमाने ब्रिटिश हवाई दलाची, पायी चढणारे शिपाई बव्हंशी हिंदी, आणि खर्च? त्याकडे येतोच.

मित्रहो, हा थ्रेड लिहिण्याचे निमित्त म्हणजे अलीकडे इतिहासाच्या प्रत्येक दुसऱ्या रीलमध्ये ऐकू येणारे एक वाक्य: अफगाणिस्तान ही साम्राज्यांची दफनभूमी आहे. ऐकायला भारदस्त वाटते. मला ते आळशी वाटते, आणि थोडे निर्दयही. त्यात साम्राज्ये आहेत, भूमी आहे. अफगाण माणूस कुठेच नाही. आणि साम्राज्य तिथे पुरले गेले असे म्हणावे, तर १८४२ नंतर ब्रिटिश साम्राज्य आणखी शंभर वर्षे टिकले, वाढलेही. मग पुरले कोण गेले?

आधी आपल्या भाषेकडे पाहू. मराठीत अफगाण माणूस तीन-चार शब्दांत उरला आहे. 'पानिपत होणे', 'अटकेपार झेंडे लावणे', 'पठाणी व्याज', आणि वाण्याच्या दुकानात काबुली चणा. एक पराभव, एक विजय, एक सावकार आणि एक कडधान्य. एवढ्या सामग्रीवर आपण एका समाजाविषयी ठाम मते बाळगून असतो.

पानिपताचा आक्षेप येणारच, म्हणून तो आताच घेतो. अहमदशाह अब्दाली इथे आला तेव्हा परकी लष्करी हस्तक्षेप करणारा तोच होता. १७५७ मध्ये मथुरेत त्याच्या फौजेने केलेली कत्तल कोणत्याही युक्तिवादाने धुऊन निघत नाही. त्याला बोलावणारे नजीबखानासारखे लोक दिल्लीच्याच राजकारणातले होते, हेही खरे. १७६१ च्या विजयानंतर त्याच्याच सैनिकांनी थकलेल्या पगारासाठी ओरड केली आणि त्याला दिल्ली सोडून परतावे लागले. कंदाहारात त्याची कबर आहे आणि अफगाण त्याला आदराने 'बाबा' म्हणतात. अफगाण नेहमीच बळी होते असे माझे म्हणणे नाही. एका राजाच्या स्वाऱ्यांचा हिशेब पुढच्या दहा पिढ्यांच्या शेतकऱ्यांच्या नावे मांडता येत नाही, एवढेच म्हणणे आहे.

आता जरा अडचणीची गोष्ट. १७५८ च्या एप्रिलमध्ये रघुनाथराव लाहोरास पोहोचले. त्यानंतर ४ मे रोजी त्यांनी नानासाहेब पेशव्यांना लिहिलेले पत्र अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. अटकेपारचा अभिमान मिरवणाऱ्यांनी ते पुरते वाचावे. काबूल व कंदाहार हे सुभे अकबरापासून आलमगिरापर्यंत हिंदुस्थानाकडे होते, ते परक्याला का द्यावेत, असा त्याचा सूर आहे. आणि योजना काय, तर अब्दालीचा एक पुतण्या राज्यावर हक्क सांगत मदतीसाठी आपल्याकडे आला आहे, त्याला फौजेचे पाठबळ देऊन तिकडे बसवावे.

योजना तडीस गेली नाही. पण तिची चौकट ओळखीची वाटते ना? त्या काळी सर्वत्र हेच चाले, त्यामुळे यात रघुनाथरावांना दोष देण्याचे कारण नाही. मात्र पुढे ज्यांनी ज्यांनी अफगाणिस्तानात फौजा घातल्या, त्यांच्या सामानात असाच एक तयार राज्यकर्ता बांधलेला होता. १८३९ मध्ये इंग्रजांनी लुधियान्यात वर्षानुवर्षे पोसलेला शाहशुजा नेला. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजांबरोबर बब्रक कारमल आला. २००१ मध्ये सरकारची जुळवाजुळव जर्मनीतील बॉन शहरात झाली. या माणसांची पात्रता वेगवेगळी, काळ वेगळा, हेतूही वेगळे. पण आपला राजा कोण, हे अफगाणांना बाहेरून कळत राहिले.

शाहशुजाला गादीवर बसवायला गेलेल्या फौजेत मुंबई इलाख्याची पलटणे होती. सेनापती सर जॉन कीन हा मुंबईच्या फौजेचाच प्रमुख. जुलै १८३९ मध्ये गझनी पडले, काबूल हाती आले. पुढे जानेवारी १८४२ ची ती माघार: सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे बर्फात निघाले आणि जवळजवळ सगळे संपले. चित्रांत मात्र थकलेल्या घोड्यावरचा एकटा डॉक्टर ब्रायडन दिसतो. बारा हजार बाजारबुणगे म्हणजे कोण? पाणके, मोतद्दार, उंटवाले, स्वयंपाकी, त्यांच्या बायका-मुले. हिंदुस्थानातली माणसे. त्याच वर्षी सूड घ्यायला परत गेलेल्या फौजेने काबूलचा मोठा छत्रीबाजार उडवून दिला आणि इस्तालिफ गाव लुटून जाळले. त्या बाजारातल्या दुकानदारांनी कोणाचा विश्वासघात केला होता?

मुंबईस जाल तेव्हा कुलाब्याचे अफगाण चर्च अवश्य पाहा. पायाभरणी १८४७, प्रतिष्ठापना १८५८. पहिल्या अफगाण युद्धात व सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांच्या स्मरणार्थ ते उभारले. तेथील लेखात अधिकाऱ्यांची नावे आहेत. साध्या शिपायांची संख्या इतकी मोठी की नावे लिहिणे शक्य नाही, अशा अर्थाचा मजकूर आहे. तो वाचून मी बराच वेळ तिथेच उभा होतो.

दुसरे अफगाण युद्ध १८७८ ते १८८० चे. इथे आपला संबंध फक्त शिपायांपुरता राहत नाही. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनेत आणि मद्रासकडे भीषण दुष्काळ पडला. हिंदुस्थानभर पन्नास लाखांहून अधिक माणसे गेल्याचा अंदाज आहे. पुढील दुष्काळासाठी गाठीला पैसा हवा म्हणून लॉर्ड लिटनच्या सरकारने १८७८ मध्ये व्यापार-उदिमावर परवाना-कर बसवला आणि तो पैसा दुष्काळाखेरीज कशालाही वापरणार नाही असे आश्वासन दिले. दुसऱ्याच वर्षी अफगाण युद्धामुळे ही तरतूद गुंडाळली गेली. युद्धाच्या खर्चापैकी ब्रिटिश तिजोरीने अखेरीस पन्नास लाख पौंड दिले. उरलेला मोठा बोजा हिंदी रयतेवर पडला. वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड १८७९ चे आहे, हे या ओळीशेजारी ठेवून पाहा. १८९७ मध्ये अवघ्या तिशीतल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्ष दिली, तीत सरहद्दीपलीकडच्या मोहिमांचा खर्च हिंदुस्थानच्या माथी का, हा प्रश्न होताच.

आणि मग मैवंद. २७ जुलै १८८०, कंदाहारच्या पश्चिमेला. इथे थोडे थांबू, कारण ही लढाई मराठी माणसाला ठाऊक असायलाच हवी होती.

इंग्रजांनी कंदाहारात एक 'वली' नेमला होता. पुन्हा तेच, तयार राज्यकर्ता. अयूबखान हेरातहून निघाला तेव्हा त्या वलीचीच फौज बंड करून त्याच्याकडे गेली. तरी ब्रिगेडियर बरोज सुमारे अडीच हजार माणसांनिशी पुढे सरकला. त्यात ६६ वी गोरी पलटण, मुंबईचे पहिले ग्रेनेडियर्स, तिसावी जेकब्ज रायफल्स, मुंबई व सिंधचे घोडदळ आणि बॉम्बे सॅपर्सची एक तुकडी होती. त्या सॅपर्सचे केंद्र आज खडकीला आहे. मुंबईच्या फौजेची रीत अशी, की एकाच पलटणीत मराठे, कोकणातले महार, मुसलमान, बेने इस्रायली आणि उत्तरेकडून आलेले 'परदेशी' खांद्याला खांदा लावून उभे राहत.

जुलैचे ऊन, पाणी नाही. वलीच्या बंडखोर तुकडीकडून परत मिळवलेल्या तोफांचा दारूगोळा संपला आणि त्या मागे घ्याव्या लागल्या. डावीकडे जेकब्ज रायफल्सच्या दोन कंपन्या, त्यांत अर्धशिक्षित रंगरूट, आणि वर एक कोवळा अधिकारी. ती बाजू कोसळली आणि रेषा आतल्या आत दुमडत गेली. शेवटच्या बागेतल्या झुंजीत गोऱ्यांबरोबर बॉम्बे सॅपर्सचे लोकही पडले. नऊशेहून अधिक मेले. त्यांत अर्ध्याहून अधिक हिंदी.

स्मरण कोणाचे राहिले? इंग्लंडातील रेडिंग शहरात ६६ व्या पलटणीच्या मृतांसाठी प्रचंड सिंह उभा आहे. त्या पलटणीचा बॉबी नावाचा कुत्रा जगला, त्याला राणीच्या हातून पदक मिळाले, आणि पेंढा भरून तो संग्रहालयात ठेवला आहे. शेरलॉक होम्सचा डॉ. वॉटसन मैवंदलाच जखमी झाला होता. अफगाणांनी मलालई या मुलीची आख्यायिका जपली. मलाला युसुफझाईचे नाव तिच्यावरूनच. मुंबईच्या ग्रेनेडियर्सपैकी एकाचे तरी नाव तुम्हांला सांगता येईल? मलाही येत नाही.

त्या दिवशी अफगाणही हजारोंनी पडले असे मानतात, आणि त्यांतले पुष्कळसे गावोगावहून आलेले साधे लोक होते. पराभवानंतर इंग्रजांनी कंदाहार शहराचे दरवाजे लावून आतल्या हजारो पठाण रहिवाशांना बाहेर काढले. त्याआधी १८७९ च्या हिवाळ्यात काबुलात जनरल रॉबर्ट्सने ऐंशीहून अधिक लोकांना फासावर चढवले होते, त्यांतल्या अनेकांचा गुन्हा एवढाच, की ते परकीयांविरुद्ध लढले.

हाच रॉबर्ट्स १८८५ मध्ये हिंदुस्थानचा सरसेनापती झाला. दक्षिणेचे आणि मुंबईचे शिपाई लढवय्ये नाहीत, उत्तरेकडच्या 'लढाऊ जाती' तेवढ्या भरती कराव्यात, हे त्याचे ठाम मत. आणि मैवंद हा त्या मताला सोयीचा पुरावा ठरला. तोफा, पाणी, अधिकारी यांची चूक शिपायाच्या रक्तावर ढकलली गेली. १८९० च्या दशकाच्या प्रारंभी महारांची भरती बंद झाली. दापोलीकडे निवृत्त शिपायांमध्ये काम करणाऱ्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला, तो १८९४ चा. ज्या घरांत पलटणीमुळे अक्षरओळख आणि निवृत्तिवेतन आले होते, त्यांच्यासाठी तो दरवाजा मिटला. स्वतंत्र महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडावे लागले. म्हणजे परक्या देशात केलेल्या हस्तक्षेपाची किंमत कंदाहारच्या रहिवाशाने भरली आणि कोकणातल्या महारवाड्यानेही.

आता फैजपूरचा ठराव वाचा. महायुद्ध पेटले तर हिंदुस्थानची माणसे आणि साधने साम्राज्याच्या कामी जुंपली जातील, असा इशारा देऊन अधिवेशनाने सांगितले, की अशा युद्धाला कर्ज नाही, वर्गणी नाही, तयारीत सहकार्य नाही. अनेकजण हा ठराव केवळ हिटलर-मुसोलिनीच्या संदर्भात शिकवतात. माझ्या मते त्यामागे दुष्काळ-निधीपासूनचा सगळा हिशेब आहे. माणसे आणि पैसा, या दोनच गोष्टी तिथे मागितल्या गेल्या होत्या आणि त्याच नाकारल्या गेल्या. खान अब्दुल गफारखान तेव्हा आपल्याच प्रांतात जायला बंदी असल्याने वर्ध्याला राहत होते, हेही ध्यानात असू द्या. पठाण म्हणजे सावकार वा लुटारू, या समजुतीला छेद देणारा माणूस तेव्हा विदर्भातच होता.

पुढचे थोडक्यात. सोव्हिएत फौजा नऊ वर्षे राहिल्या आणि १५ फेब्रुवारी १९८९ ला परतल्या. त्यांचे सुमारे पंधरा हजार सैनिक गेले, तर अफगाण मृतांचा अंदाज दहा लाखांच्या घरात जातो आणि साठ लाख देशोधडीला लागले. अमेरिकेचे युद्ध ऑक्टोबर २००१ ते ऑगस्ट २०२१. तिचे सुमारे चोवीसशे सैनिक मेले, तर ब्राउन विद्यापीठाच्या अभ्यासानुसार नुसते अफगाण नागरिकच ४६ हजारांवर. दफनभूमी आहेच, फक्त तिच्यातल्या कबरी कोणाच्या ते पाहा. काबूल पडले त्या आठवड्यात पुण्यात शिकणारी शेकडो अफगाण मुले फोन हातात घेऊन बसली होती, आणि आपल्याकडच्या समाजमाध्यमांवर पानिपताचे विनोद फिरत होते.

एक विनंती आहे. दुसऱ्या अफगाण युद्धाचे चांदीचे पदक मुंबईच्या पलटणींतल्या शिपायांनाही मिळाले होते. एका बाजूला राणीचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी चाललेली फौज आणि तोफ वाहणारा हत्ती, खाली १८७८-७९-८०. फीत हिरवी, कडा किरमिजी. अशी पदके कोकणात, साताऱ्याकडे, क्वचित खानदेशातही जुन्या ट्रंकांत असू शकतात. कोणाच्या घरी असेल तर गोल कडेवर बारीक अक्षरांत पाहा, शिपायाचे नाव आणि पलटण तिथे कोरलेली असते. घरच्यांची परवानगी असेल, तर ते नाव खाली लिहा.