आजारी माणूस घरात आहे, त्याचे हक्कही घरात आहेत

घरात कुणी रात्र रात्र जागतं, एकटंच पुटपुटतं, जगण्यात राम उरला नाही म्हणतं. अशा वेळी लोक काय म्हणतील म्हणून दार लावून घेऊ नका. हा आजार आहे. तो झाला म्हणून माणसाचे हक्क जात नाहीत.

पहिलं म्हणजे, त्याला बांधू नका, कोंडू नका. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूत एरवाडी इथं मनोरुग्णांच्या निवाऱ्याला आग लागली. साखळदंडात अडकलेले 28 जण जळून मेले. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं आता साखळीला सक्त मनाई आहे.

14416 वर फोन करा. ही मनाच्या त्रासासाठीची ‘टेलिमानस’ नावाची सरकारी सेवा आहे. चोवीस तास चालते, फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी असतो ते विचारा आणि केसपेपर काढा. सरकारी उपचार हा तुमचा हक्क आहे, तेव्हा संकोच करू नका. बरं वाटलं म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका.

जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणं झालं, तर त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध कुलपात ठेवा. काही घडलंच, तर पोलिसांच्या भीतीनं लपवू नका, आधी दवाखाना गाठा. असा माणूस तीव्र ताणाखाली होता, असंच कायदा धरून चालतो.

दाखल करावं लागलं, तरी त्याचा मान राहिला पाहिजे. डोकं भादरायची सक्ती करता येत नाही. स्वतःचे कपडे घालायचा त्याला हक्क आहे. अन्याय झाला, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे फुकट वकील मिळतो.

माणूस बरा असताना त्याला विचारा, "पुन्हा त्रास झाला, तर तुझ्या बाजूनं कुणी बोलावं?" ते नाव साध्या कागदावर लिहून त्याची सही किंवा अंगठा घ्या. तो कागद रेशनकार्डाशेजारी जपून ठेवा.

आरोग्यविमा असेल, तर मानसिक आजारालाही शरीराच्या आजारासारखंच संरक्षण मिळायला हवं. नकार आला, तर कारण लेखी मागा.

आणि येत्या ग्रामसभेत उठून विचारा, "आपल्या आरोग्य केंद्रात या आजाराच्या गोळ्या मिळतात का?" एका घरानं विचारलं, की गप्प बसलेली दहा घरं बोलू लागतात.